रक्त-मूत्रातील यूरियाचे मापन : मुंबई–कल्याण लोहमार्गाच्या परिसरातून एक ऐतिहासिक आलोचन

१

ठाणे, डोंबिवली अथवा कल्याण येथील रोगनिदान-प्रयोगशाळेचे अहवालपत्र हाती घेतले, तर ‘ब्लड यूरिया’ ह्या शब्दांपुढे एक आकडा आढळतो आणि त्याच्या शेजारी निरोगी माणसाची मर्यादा म्हणून आणखी दोन आकडे छापलेले असतात. रुग्ण आपला आकडा त्या दोहोंशी ताडून पाहतो आणि निश्चिंत होतो किंवा धास्तावतो. पहिला आकडा त्याच्या त्या दिवशीच्या रक्तावरून आलेला असतो, हे उघड आहे. परंतु छापील आकडे कोणाच्या रक्तावरून, कोणत्या रीतीने व कोणत्या काळी सिद्ध झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : यूरियाचा आकडा स्वयंसिद्ध नाही, मापनाची रीत, लिहिण्याचे एकक आणि मोजल्या जाणाऱ्या माणसाचा आहार ह्या तिहींच्या संगतीतच त्याला अर्थ प्राप्त होतो. ही संगती सुटली, तेव्हा तेव्हा अचूक मापनातूनही चुकीचे निष्कर्ष निघाले आहेत.

विवेचनासाठी मुंबई–कल्याण लोहमार्गाचा परिसर निवडण्यास कारण आहे. दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली व पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. ह्याच मार्गालगत आधी व नंतर मुंबईची मोठी शिक्षण-रुग्णालये उभी राहिली : भायखळ्याजवळ १८४५ मध्ये सुरू झालेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय, परळ येथे १९२६ मध्ये सुरू झालेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय, आणि शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय. ठाण्याचे विठ्ठल सायन्ना रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालयेही ह्याच मार्गाच्या आश्रयाने वाढलेल्या वस्तीसाठी आहेत. आजार बळावला, की रुग्ण कल्याणहून मुंबईकडे निघतो आणि त्याच्याबरोबर त्याचे अहवालपत्रही प्रवास करते. एका गावी काढलेला आकडा दुसऱ्या गावी वाचला जातो. तो वाचणाऱ्यास नेमके काय सांगतो, हा म्हणूनच केवळ पंडिती प्रश्न नव्हे.

२

यूरियाची ओळख प्रथम मूत्रातून झाली. फ्रेंच रसायनज्ञ इलेर रूएल ह्याने १७७३ मध्ये मूत्रातून हा पदार्थ वेगळा काढला. पुढे फूरक्र्वा व व्होकलँ ह्यांनी त्याचा अभ्यास करून त्यास आजचे नाव दिले. १८२८ मध्ये फ्रीड्रिख व्होलर ह्याने तो प्रयोगशाळेत तयार केला, ही घटना रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र तिच्या सात वर्षे आधीची एक घटना अधिक मोलाची होय. १८२१ मध्ये जिनीव्हा येथे प्रेव्हो व द्यूमा ह्यांनी प्राण्यांचे मूत्रपिंड काढून टाकल्यावर त्यांच्या रक्तात यूरिया साठतो असे दाखविले. मूत्रपिंड यूरिया निर्माण करीत नाही, तो केवळ बाहेर टाकतो, हे ह्यावरून सिद्ध झाले. तो यकृतात कसा तयार होतो ह्याचा पूर्ण उलगडा क्रेब्ज व हेन्झेलाइट ह्यांच्या १९३२ मधील संशोधनाने झाला.

लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट ह्याने १८२७ मध्ये अंगावरील सूज, मूत्रातील अल्ब्युमिन आणि मूत्रपिंडाची विकृती ह्यांचा परस्परसंबंध दाखवून दिला. त्याचा सहकारी जॉन बॉस्टॉक व एडिंबरोचा रॉबर्ट क्रिस्टिसन ह्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात यूरिया शोधला. त्या काळी अल्प रक्तातून यूरिया काढणे अशक्य होते; परंतु शीर तोडून रक्त वाहू देणे हा उपचारच रूढ असल्यामुळे रक्ताची वाण नव्हती. ह्या टप्प्यावर प्रश्न ‘किती’ हा नव्हता, ‘आहे की नाही’ एवढाच होता. मर्यादेचे आकडे तेव्हा कोणी छापले नाहीत, कारण निरोगी रक्तातील अत्यल्प यूरिया दिसतच नव्हता.

‘किती’ ह्या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर यूस्टुस लीबिख ह्याने १८५३ मध्ये, म्हणजे ठाण्यास आगगाडी आली त्याच वर्षी, दिले. मर्क्युरिक नायट्रेटचा विद्राव मूत्रात थेंबाथेंबाने सोडून यूरियाचा अवक्षेप पाडावयाचा व लागलेल्या विद्रावावरून यूरिया मोजावयाचा, अशी ती अनुमापनाची रीत होती. मूत्रातील फॉस्फेट आधी काढून टाकावे लागे व क्लोराइडमुळे उत्तर बिघडे. तरीही रुग्णाच्या दिवसभराच्या मूत्रात किती ग्रॅम यूरिया गेला, हे वैद्याला प्रथमच सांगता येऊ लागले.

मुंबईत ह्याच सुमारास मूत्ररसायनाचा एक निराळा धागा सुरू झाला होता. ग्रेच्या शरीररचनाशास्त्रावरील ग्रंथाची चित्रे काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून आला. महाविद्यालयाच्या संग्रहालयातील मूतखड्यांचा त्याने बारकाईने अभ्यास केला व त्यांच्या सूक्ष्मरचनेवरील त्याचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्टरचा विषय यूरिया नव्हता. परंतु ह्या भागातील माणसांच्या मूत्रातून येणारा पदार्थ येथेच तपासावा, परदेशी वर्णनावर विसंबू नये, ही दृष्टी त्याच्या कामात आहे आणि ती आपल्या विषयास लागू पडते.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लीबिखच्या रीतीची जागा हायपोब्रोमाइटच्या रीतीने घेतली. अल्कयुक्त हायपोब्रोमाइटाच्या सान्निध्यात यूरियाचे विघटन होऊन नायट्रोजन वायू सुटतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड अल्कात शोषला जातो. एक ग्रॅम यूरियापासून हिशेबाने सुमारे ३७३ घन सेंटिमीटर नायट्रोजन मिळावयास हवा. प्रत्यक्षात थोडा कमी मिळतो. डोरेमस ह्याने १८८५ मध्ये तयार केलेल्या यूरियामापकात वाकड्या नळीवर खुणाच अशा केलेल्या होत्या, की गोळा झालेल्या वायूची पातळी पाहून यूरिया वाचावा. तराजू नको, ब्यूरेट नको. एक काचनळी व एक घन सेंटिमीटर मूत्र पुरे. प्रयोगशाळेतील मापन रुग्णाच्या खाटेजवळ आले ते ह्या उपकरणामुळे.

मापन सोपे झाले, तसे ते देशोदेशींच्या माणसांवर होऊ लागले. आपल्या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण ह्याच काळातले आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक असलेले डेव्हिड मॅके ह्यांनी १९०८ मध्ये बंगालमधील लोकांच्या रक्त-मूत्रघटकांची प्रमाणे प्रसिद्ध केली. यूरोपीय पाठ्यपुस्तकांनुसार निरोगी माणसाच्या मूत्रातून दररोज १५-१६ ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडावयास हवा होता व त्याचा मोठा भाग यूरियाच्या रूपात असतो. मॅके ह्यांना बंगाली माणसात तो सुमारे ६ ग्रॅम आढळला. ह्या मापनात दोष दाखविण्याचे कारण नाही. किंबहुना, परदेशी ‘प्राकृत’ आकडे येथे लागू पडत नाहीत असे दाखवून त्यांनी शास्त्राची सेवाच केली. यूरिया प्रथिनांच्या विघटनातून येतो. भात प्रमुख आणि प्रथिने थोडी अशा आहारावर तो कमी असणारच.

परंतु मॅके तेथे थांबले नाहीत. १९१२ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी प्रथिनांच्या अल्पतेचा संबंध निरनिराळ्या प्रांतांतील लोकांच्या शरीरबळाशी, एवढेच नव्हे तर त्यांच्या पौरुषाशी व स्वभावाशी जोडला आणि भारतीय समाजांची जणू एक उतरंडच रचली. परदेशी माणसाचा आकडा हा मानवाचा आकडा, आणि त्याहून कमी भरेल तो मानवत्वातच कमी, असा तो अनुमानाचा क्रम होता. ह्यातील दोष अनुमापनात नव्हता, तुलनेत होता. अमेरिकेतील चिटेंडन ह्याने १९०४ मध्येच थोड्या प्रथिनांवर माणसे निरोगी व कार्यक्षम राहतात असे प्रयोगाने दाखविले होते; मॅके ह्यांनी ते मत अमान्य केले. आपल्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण वसाहतकालीन पूर्वग्रहाचे उदाहरण म्हणून अभ्यासावे, हे ठीकच. परंतु प्रयोगशाळेच्या दृष्टीनेही त्यात एक धडा आहे. तुलनेचा आकडा ज्या समाजातून घेतला, त्याचा आहार सांगितल्याविना तो आकडा अपुरा असतो.

४

ह्यानंतरचे मोठे स्थित्यंतर एका शेंगेने घडविले. यूरियाचे अमोनियात रूपांतर करणारे यूरीएज हे एन्झाइम सोयाबीनमध्ये असल्याचे १९०९ मध्ये ताकेउची ह्याने दाखविले होते. १९१३ मध्ये बाल्टिमोर येथील मार्शल ह्याने त्याचा उपयोग मूत्र व रक्त ह्यांतील यूरियाच्या मापनासाठी केला आणि १९१४ मध्ये व्हॅन स्लाइक व कलेन ह्यांनी ती रीत नेटकी केली. यूरीएज यूरियावाचून इतर नायट्रोजनयुक्त पदार्थांना सहसा हात लावत नाही. सुटलेला अमोनिया हवेच्या झोताने आम्लात नेऊन मोजता येतो. पुढे १९२६ मध्ये जेम्स सम्नर ह्याने जॅक बीन म्हणजे आपल्याकडील अबईच्या कुळातील शेंगेच्या दाण्यांतून यूरीएज स्फटिकरूपात वेगळे काढले. एन्झाइम हे प्रथिन असते हे त्यामुळे प्रथम दिसून आले आणि १९४६ मध्ये सम्नर नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला.

कोकणपट्टीच्या वाचकास हे रसायन परके वाटू नये. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांत यूरिया ओळखण्यासाठी कुळथाच्या पिठाचे पाणी वापरण्याचा परिपाठ आहे. यूरियाच्या विद्रावात हे पाणी व फिनॉल्फ्थॅलीन घालून परीक्षानळी कोमट ठेवली, की अमोनियामुळे विद्राव गुलाबी होतो. घरी ज्याचे पिठले होते, त्याच दाण्यातील एन्झाइम मूत्रातील यूरिया ओळखते, ही गोष्ट पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सहसा विसरत नाही.

यूरीएजच्या रीतीने अचूकता आणली, तशी काही नवी व्यवधानेही आणली. सोडियम फ्लोराइड यूरीएजचे कार्य रोखते. रक्तशर्करेसाठी रक्त फ्लोराइडच्या नळीत घेतात. त्याच नळीतील रक्तावर यूरीएजने यूरिया मोजला, तर उत्तर खोटे कमी येते. उलट, अमोनियमयुक्त ऑक्झलेट किंवा हेपरिन घातलेल्या नळीतील अमोनिया उत्तर खोटे वाढवितो. अपुरे धुतलेले काचसामान आणि हवेतील अमोनिया ह्यांचाही तोच परिणाम. विल्यम फीरन ह्याने १९३९ मध्ये वर्णिलेली डायॲसिटिल मोनॉक्झाइमची रंगक्रिया ह्या दोन्ही अडचणींपासून मुक्त आहे. तीव्र आम्लात उकळताना यूरिया प्रत्यक्षच रंग देतो. त्यास अमोनियाची बाधा नाही की फ्लोराइडची. तिचा वास उग्र, उकळण्याची दगदग, रंग उजेडात फिका पडावयाचा. पण साध्या वर्णमापीवर हिरव्या गाळणीने वाचता येणारा तो गुलाबी रंग लहान प्रयोगशाळांना परवडणारा होता. स्केग्ज ह्याने १९५७ मध्ये पुढे आणलेल्या स्वयंचलित विश्लेषकातही हीच क्रिया योजण्यात आली. पुढे बर्टेलोच्या १८५९ मधील रंगक्रियेवर आधारलेल्या यूरीएज-पद्धती आणि टाल्के व शूबर्ट ह्यांनी १९६५ मध्ये सुचविलेली ग्लुटामेट डीहायड्रोजिनेजची रीत आली. ह्यांपैकी शेवटची आजच्या यंत्रांत सर्वत्र आढळते. अशा रीतीने एकाच ‘ब्लड यूरिया’ ह्या शब्दाखाली निरनिराळ्या रासायनिक क्रियांची उत्तरे लिहिली गेली आहेत, आणि त्यांच्या चुकण्याच्या तऱ्हाही निरनिराळ्या आहेत.

५

रीतीइतकाच घोटाळा एककाने केला आहे. अमेरिकेत फोलिन व व्हॅन स्लाइक ह्यांच्या परंपरेत रक्तातील नायट्रोजनचा हिशेब ठेवला जाई. म्हणून तेथे यूरिया न लिहिता यूरियातील नायट्रोजन लिहिण्याची प्रथा पडली. ब्रिटनमध्ये व तिच्या अनुकरणाने आपल्याकडे प्रत्यक्ष यूरिया शंभर घन सेंटिमीटरांस मिलिग्रॅमांत लिहिला जाई. पुढे आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत तो मिलिमोलमध्ये आला. यूरियाच्या ६० भारांकात नायट्रोजनचे २८ असतात. म्हणून ६० मिलिग्रॅम यूरिया, २८ मिलिग्रॅम यूरिया-नायट्रोजन आणि लिटरमागे १० मिलिमोल हे तिन्ही आकडे एकाच रक्ताचे होत. एका अहवालात ६० आणि दुसऱ्यात २८ वाचून रोग निम्म्यावर आला असे समजणारा रुग्ण, किंवा २८ नंतर ६० पाहून घाबरणारा त्याचा मुलगा, हे दोघेही आकडा बरोबर वाचतात. शेजारचे चार शब्द तेवढे वाचीत नाहीत. कल्याणच्या प्रयोगशाळेतून परळच्या रुग्णालयात जाणाऱ्या कागदाच्या बाबतीत हे चार शब्द आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

मूत्रातील यूरियाच्या बाबतीत अडचण निराळीच आहे. मूत्रातील प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या पन्नास-साठ पटींनी जास्त असू शकते; म्हणून मूत्र पन्नास किंवा शंभर पट सौम्य करूनच मोजावे लागते व सौम्य करताना झालेली चूक तितक्याच पटीने वाढते. शिवाय उन्हाळ्यात साठविलेल्या मूत्रात जंतूंचे यूरीएज यूरिया खाऊन टाकते, म्हणून आम्ल किंवा थायमॉल घालावे लागते. परंतु खरी अडचण रसायनाची नसून माणसाच्या दिनक्रमाची आहे. मोलर, मॅकिंटॉश व व्हॅन स्लाइक ह्यांनी १९२८ मध्ये यूरियाच्या उत्सर्जनावरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता मोजण्याची पद्धत दिली. मूत्राचा प्रवाह भरपूर असता मिनिटाला सुमारे ७५ घन सेंटिमीटर आणि प्रवाह मंद असता प्रमाणित रीतीने ५४ घन सेंटिमीटर रक्त यूरियामुक्त होते, असे त्यांचे मान होते. ह्या चाचणीत मूत्रसंग्रह ठरलेल्या वेळेचा व पुरता हवा. प्रथिनांचा हिशेब करावयाचा असल्यास तो चोवीस तासांचा लागतो : सकाळचे पहिले मूत्र टाकावयाचे आणि त्यानंतरचे प्रत्येक, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्यासह, बाटलीत घ्यावयाचे. सकाळी डोंबिवलीहून लोकल धरून रात्री परतणाऱ्या माणसाने ही बाटली कोठे बाळगावी? तो रविवार निवडतो हे स्वाभाविक आहे. पण अनेक घरांत रविवारचे ताट आठवड्यातील डब्याहून निराळे असते. मटण-मासळीच्या दिवशीचा यूरिया वाढतो. उलट एकादशीच्या साबुदाण्यावर तो घटतो. म्हणजे संग्रह निर्दोष झाला, तरी जो दिवस मोजला तो त्या माणसाचा नेहमीचा दिवस नव्हे. मॅके ह्यांच्या बाबतीत दोन खंडांमधील आहाराचा जो प्रश्न होता, तोच येथे एका घरातील दोन वारांमध्ये उभा राहतो.

६

आहाराखेरीज इतर कारणांनीही रक्तातील यूरिया वाढतो : शरीरातील पाणी कमी झाल्यास, आतड्यात रक्तस्राव झाल्यास, तापात ऊतींची झीज झाल्यास. म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूत्रपिंडाच्या कार्याचा मुख्य निर्देशक म्हणून क्रिएटिनीन पुढे आले आणि यूरियाचे स्थान दुय्यम झाले. पण तो निरुपयोगी ठरला नाही. दोहोंची जोडी एकट्यापेक्षा अधिक सांगते. क्रिएटिनीनच्या मानाने यूरिया फार वाढला असेल, तर मूत्रपिंडाकडे रक्तच कमी पोहोचत असावे, असा संशय घेता येतो. दि. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या पुराने कल्याणचा परिसर पाण्याखाली गेला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबई व परिसरात लेप्टोस्पायरोसिसचा उद्रेक झाला. पुराच्या पाण्यातून वावरलेल्या माणसास ताप येतो व काहींचे मूत्रपिंड त्यात बंद पडतात. अशा रुग्णात यूरियाचा एखादा आकडा फारसा बोलत नाही. काल, आज व उद्याचे तीन आकडे बोलतात. हे तिन्ही एकाच रीतीने व एकाच एककात लिहिलेले असतील, तरच.

यूरियाचे जे कार्य दुसऱ्या कोणत्याही पदार्थाने अद्याप हिरावून घेतलेले नाही, ते रक्तशुद्धीच्या उपचारातले. भारतात कृत्रिम मूत्रपिंडाचा उपचार १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत वेल्लोर येथे सुरू झाला, मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न झाला. आज हा उपचार घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि गरीब रुग्णांसाठी २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. उपचार पुरेसा झाला की नाही, हे आधीच्या व नंतरच्या रक्तातील यूरियावरून ठरवितात. अमेरिकेतील १९८१ च्या सहकारी अभ्यासाने आणि गॉच व सार्जंट ह्यांनी १९८५ मध्ये केलेल्या त्याच्या विश्लेषणाने ही पद्धत रूढ केली. यूरिया निदान ६५ टक्क्यांनी उतरावा असे मान आहे. उदाहरणार्थ, आधी १४० आणि नंतर ४९ मिलिग्रॅम असेल, तर घट बरोबर ६५ टक्के झाली. टक्केवारीत एकक गळून पडते. म्हणून येथे एककाचा घोटाळा होत नाही, मात्र दोन्ही आकडे एकाच एककात हवेत. पण नंतरचा नमुना केव्हा व कसा घेतला, ह्याला फार महत्त्व येते. यंत्रातील प्रवाह मंद न करता घेतल्यास नुकतेच शुद्ध झालेले रक्त नमुन्यात मिसळून घट खोटी जास्त दिसते. उशिरा घेतल्यास ऊतींतील यूरिया रक्तात परत येऊन ती कमी दिसते. आठवड्यातून दोन-तीनदा चार चार तास यंत्राला जोडून बसणाऱ्या माणसाचे आयुष्य ह्या दोन परीक्षानळ्यांवर, आणि त्या भरणाऱ्या परिचारिकेच्या सावधपणावर, काही अंशी अवलंबून असते.

७

अडीचशे वर्षांच्या ह्या इतिहासात वायूची नळी गेली, शेंगेचे पीठ आले, उकळते आम्ल आले आणि शेवटी झाकलेल्या यंत्रातील अदृश्य किरण आला. प्रत्येक पावलाला हाताची कुशलता कमी लागू लागली व उत्तर अधिक अचूक होत गेले. परंतु ह्याच क्रमाने उत्तरामागील क्रिया दृष्टीआड झाली. डोरेमसच्या नळीतला बुडबुडा पाहणाऱ्यास आपण काय मोजत आहोत हे दिसत होते. छापील आकडा वाचणाऱ्यास ते दिसत नाही. म्हणून जे पूर्वी डोळ्यांना दिसे, ते आता लिहून ठेवणे अवश्य झाले आहे : रीत, एकक, नमुना घेण्याची वेळ व नळी, आणि शक्य तर रुग्णाचा आहार.

ह्या विषयात आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करण्यासारखे कामही आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या नगरांत कोळी, आगरी, शाकाहारी, मांसाहारी, आदिवासी पाड्यांतून आलेले व देशाच्या इतर प्रांतांतून स्थायिक झालेले असे निरनिराळ्या आहाराचे लोक एकाच प्रयोगशाळेत रक्त देतात. अल्प प्रथिनांवर राहणाऱ्या माणसाचा यूरिया छापील मर्यादेच्या आत असूनही त्याचे मूत्रपिंड दुखावलेले असू शकते. भरपूर प्रथिने घेणाऱ्याचा तो मर्यादेबाहेर असूनही तो निरोगी असू शकतो. ह्या निरनिराळ्या समाजांची निरोगी प्रमाणे येथेच, त्यांच्या आहाराच्या नोंदीसह, निश्चित केली पाहिजेत. मॅके ह्यांनी जे मोजले त्याचे मोल मान्य करून त्यांनी जे अनुमान काढले ते टाळावयाचे, असे ह्या कामाचे सूत्र सांगता येईल. परक्या मानाशी तुलना करून माणसास उणा ठरविणे नव्हे, तर त्याच्याच मानाने त्याचा आजार वेळीच ओळखणे, हा यूरियाच्या मापनाचा हेतू आहे.